शमुवेल मास्तरांची पाखरं

पाखरांवरून धर्म शिकवणाऱ्या माणसांचा मला राग येतो. गेल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात नवे पाळक आले होते, तरणेबांड, परीटघडीचे. त्यांनी चिमणीवर उपदेश केला. चिमणी कशी निश्चिंत असते, तिला उद्याची कशी फिकीर नसते, आपणही तसंच असावं. अर्धा तास चिमणी. मी दुसऱ्या बाकावर बसून चडफडत होते. चिमणीइतकं काळजीखोर पाखरू दुसरं नाही. एक दाणा टिपायच्या आधी ती चारदा मान वळवून बघते, आणि टिपल्यावर पाचव्यांदा. बाहेर आल्यावर शेजारीण म्हणाली, "किती गोड बोलले नाही?" मी म्हटलं, "गोड बोलायला काय जातंय?" तिला वाटलं, म्हातारीची कंबर दुखतेय.

चिमणीची ती मान मला शमुवेल मास्तरांनी दाखवली होती. त्यांच्याबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणजे त्यात माझंही नाव येतं.

एकोणीसशे सव्वीस साली मी सोलापुरात मास्तरीण म्हणून लागले ती तारेच्या आतल्या शाळेत. सरकारनं काही जमातींची नावं एका कायद्यात लिहून ठेवली होती. त्या जमातीत जन्माला आलं की झाला गुन्हेगार, मग त्यानं कधी कुणाची काडी उचललेली असो वा नसो. माळामाळावरची त्यांची पालं उठवून सगळ्यांना शहराच्या कडेला काटेरी तारेत आणून बसवलं होतं. त्याला वसाहत म्हणायचं. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी. बाहेर पाऊल टाकायचं तर पास. गिरणीचा भोंगा झाला की बाप्ये आणि बायका रांगेनं कामाला जायची आणि मुलं आमच्या शाळेत. कारभार एका गोऱ्या मिशनरी साहेबांकडे होता. साहेब वाईट नव्हते. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण ते वाईट असते तर हे सगळं लिहिणं मला फार सोपं गेलं असतं. पटकीच्या साथीत त्यांनी स्वतःच्या हातानं लोकांची घाण काढलेली मी पाहिली आहे.

शमुवेल मास्तर फासेपारधी, म्हणजे फासे लावून पाखरं धरणाऱ्या जमातीतले. मूळ नाव हरण्या. बाप्तिस्मा झाला तेव्हा साहेबांनी शमुवेल ठेवलं. पस्तिशीला अक्षरं शिकले आणि चाळिशीला आमच्या शाळेत पहिलीच्या पोरांना सांभाळायला लागले. अंगानं काटकुळे, मान लांब. पायाच्या बोटांवर अलगद चालायचे. वर्गात कधी आले ते कळायचं नाही. बोलताना तोंडाकडे बघायचे नाहीत, आपल्या खांद्याच्या वर कुठंतरी लिंबाच्या फांदीत बघायचे. सुरुवातीला मला तो उर्मटपणा वाटला. मी तेव्हा बावीस वर्षांची, मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी जाणणारी, आणि नाक असं वर. इतर मास्तर त्यांना पाठीमागं "पारध्या" म्हणत आणि मीही म्हणायची. खोटं कशाला बोलू?

पोरांची हजेरी ते कधी नावं वाचून घेत नसत. दाराशी उभं राहून डोळे मिटायचे, जरा वेळ वर्गाचा गलका ऐकायचे आणि सांगायचे, "म्हादू न्हाय आला. आन ती खोकनारी पोर बी न्हाय." मी पुढं पटावर ताडून बघायची. चुकलेले मला एकदाही सापडले नाहीत.

आणि त्यांचं ते वाक्य. पोरं दंगा करायला लागली की छडी नाही, आवाज नाही. ते नुसते उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "आदी गप बसा. गप बसल्याबिगार पाखरू बी दिसत न्हाय आन देव बी दिसत न्हाय."

बुधवारी सकाळी त्यांचा पाखरांचा पाठ असे. ही साहेबांची कल्पना. मास्तरांना पवित्र शास्त्र फारसं येत नव्हतं, पण पाखरं सगळी येत होती. तेव्हा ज्याला जे येतं त्यावरून त्यानं देव शिकवावा, असं साहेबांचं म्हणणं. मास्तर पोरांना घेऊन कुंपणाच्या तारेशी जायचे. तारेपलीकडं माळ होता, खुरटी बोरं, बाभळी, आणि पाखरांना काही पास लागत नव्हता.

त्यांचा पहिला पाठ मी ऐकला तो टिटवीचा. माळावर एक टिटवी नुसती कालवा करत होती. मास्तरांनी पोरांना विचारलं, "हिची अंडी कुटं असतील?" पोरं पारध्याचीच, पण तारेत वाढलेली. सगळ्यांनी टिटवी ओरडत होती तिकडं बोट केलं. मास्तर हसले. "तितं काय बी न्हाय. अंडी त्या उलट्या अंगाला, खड्यात पडल्याली. तितं ती चिडीचिप बसती. जितं काय बी न्हाय तितं ती वराडती, म्हंजी तुमी तिकडं जावं." मग म्हणाले, "परारतना करनारा मानूस बी बगून घ्यावा. जो लई वराडतो त्याचं मन तितं न्हाय असं समजावं."

पोरं खदाखदा हसली, कारण वसाहतीचा मुकादम हाही बाटलेलाच होता आणि रविवारी त्याची प्रार्थना स्टेशनापर्यंत ऐकू जायची. मीही हसले. तेव्हापासून बुधवारी माझा वर्ग मी शेजारच्या मास्तरणीवर टाकून तारेशी जाऊ लागले.

साहेबांना हे पाठ मिशनच्या मासिकात छापायचे होते. मास्तरांचं अक्षर म्हणजे मुंग्या. तेव्हा त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं. दुपारच्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात बसायचो. ते सांगायचे तसं मी लिहायची, पण घरी जाऊन साफ नक्कल करताना मी शेपटं कापायची. त्यांच्या प्रत्येक पाठाला शेवटी एक शेपूट असायचं आणि ते नेमकं टोचणारं असायचं. होल्याचा पाठ घ्या. होला चार काड्या आडव्या टाकतो, त्यालाच घरटं म्हणतो, खालून बघितलं तर अंडं दिसतं. एवढ्या फाटक्या घरातही देव पिल्लू वाढवतो, हा धडा. पण मास्तरांनी पुढं सांगितलं होतं, "निम्म्या बारीला कावळा खातो." मी कावळा काढून टाकला. छापलेलं मी त्यांना वाचून दाखवलं, तर शेवटपर्यंत ऐकून त्यांनी विचारलं, "बाई, कावळा कुटं गेला?"

"मास्तर, वाचणाऱ्यांना आवडत नाही तसलं."

"आवडत न्हाय खरं. पन कावळा हाय की."

सुगरणीचा पाठ तर साहेबांनी तीनदा मागून घेतला. सतत काम, नीटनेटकं काम, तक्रार नाही. साहेब खूश आणि गिरणीवालेही खूश, त्यांना कामाला माणसं पाहिजेच होती. मास्तरांनी सांगितलेलं मात्र वेगळंच होतं. घरटी नर विणतो. मादी येते, एक डोळा लावून बघते, पसंत नाही पडलं तर भुर्र. ते अर्धं घरटं तसंच लोंबत राहतं जन्मभर. "म्या बी तसंच हाय बाई," ते म्हणाले होते. "अर्दा पारधी, अर्दा किरिस्ताव. द्येव येऊन बगून गेला का काय, कळत न्हाय." हेही मी छापायला दिलं नाही. वाटलं, साहेबांना वाईट वाटेल. आज मला वाटतं, मास्तरांचं असं जे खरं होतं ते सगळं माझ्या कात्रीखाली गेलं आणि मासिकात राहिली ती नुसती पिसं.

मास्तरांना एकच मुलगा, दौलत. एकोणीस वर्षांचा, बापासारखाच लांब मानेचा, सूतखात्यात कामाला. तो दोन वर्षांचा असताना तारेत आला, त्यामुळं माळ त्यानं कुंपणातूनच पाहिलेला. एके दिवशी गिरणीत कामगारांवर नेमलेल्या जॉबरनं त्याच्या तोंडात मारली. दौलत दुपारच्या सुट्टीत बाहेर पडला तो संध्याकाळच्या हजेरीला आलाच नाही.

बिनपासचं बाहेर राहणं हा त्या कायद्यानं गुन्हा. पोलीस येऊन मास्तरांची झोपडी उचकून गेले. दौलतची आई, गुंताबाई, चुलीपुढं बसून नवऱ्याला शिव्या द्यायची, "द्येव बदलून काय मिळालं रं तुला?" महिना गेला, दुसरा गेला. मास्तरांना ठाऊक होतं पोरगा कुठं असेल ते. वैरागच्या अंगाला गुंताबाईच्या भावकीची दोन पालं अजून फिरती होती. पण पोलिसांच्या आधी आपण पोचलो तरच काही उपयोग, नाहीतर पकडलेल्याला सरळ तुरुंग. पोरगा सुटा राहिला तर एक दिवस पकडला जाणार, आणि परत आणला तर त्याला माफी मिळेल का, हे साहेबांच्या हाती. मास्तरांच्या जिवाला तेव्हा दुसरा विषय नव्हता.

ते साहेबांकडे गेले तेव्हा मी तिथंच होते. शाळेचा पट सही करायला घेऊन गेले होते. सकाळची भक्ती नुकतीच आटोपली होती. टेबलावर शास्त्र मिटलेलं होतं आणि त्यावर साहेबांचा उजवा हात. तो तसाच असायचा. कुणी टेबलावर हात टेकतं, कुणी गुडघ्यावर, साहेब शास्त्रावर टेकत. मी दोन वर्षं रोज पाहत होते. हिशेब बघताना, चहा पिताना, कुणावर रागावताना, हात तिथंच. त्यांच्या मागं भिंतीवर मास्तरांचे जुने फासे टांगलेले होते. बाप्तिस्म्याच्या दिवशी मास्तरांनी ते आणून दिले होते आणि साहेब आल्यागेल्याला दाखवत असत.

मास्तर म्हणाले, "सायेब, पोराला म्या सोता घिऊन आलो, तर पोलिसात न्हाय न्हवं देनार?"

साहेबांचा चेहरा खरंच कळवळला. ते आपल्या शास्त्रातल्या मराठीत म्हणाले, "शमुवेल, माझ्याने होईल तितके मी करीन. तू देवावर भाव ठेव."

मास्तर साहेबांच्या तोंडाकडे बघत नव्हते. त्यांची नजर त्या हातावर खिळली होती. थोड्या वेळानं त्यांनी मोठा श्वास सोडला, वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडले. मी पाठोपाठ गेले. व्हरांड्याच्या पायरीवर ते माझी वाट बघत थांबले होते आणि, पहिल्यांदाच, सरळ माझ्या डोळ्यांत बघत होते.

"बाई, बगितलं न्हवं? सायबानं हात ठिवला."

मला क्षणभर उलगडा झाला नाही. मग झाला. मास्तरांनीच मला मागं कधीतरी सांगितलं होतं, त्यांच्या पंचात शपथ तोंडानं घेत नाहीत. तोंडाचं काय, ते काहीही बोलतं. देवाच्या वस्तूवर हात ठेवायचा आणि विषय बोलायचा, झाली शपथ. ती मोडणाऱ्याला जातीत भाकर मिळत नाही. फक्त तिसऱ्या माणसानं ती बघितलेली असावी लागते.

"तुमी बगितलं न्हवं?" त्यांनी पुन्हा विचारलं. "साक्षीला तुमी हाय."

तो हात तिथं रोजच असतो, मास्तर, त्यात काही नाही. एवढंच बोलायचं होतं मला. एवढं एक वाक्य. पण ते बोलायचं म्हणजे साहेब काहीच कबूल झाले नाहीत असं म्हणायचं, आणि उद्या ते साहेबांच्या कानावर गेलं तर? घरी बापाची दृष्टी गेलेली, दोन भावंडं शिकायची. शिवाय मलाही आतून वाटत होतं, साहेब करतील काहीतरी, चांगला माणूस आहे. भित्र्या माणसाला अशा वेळी भाव ठेवणं फार सोयीचं पडतं.

"हो, बघितलं," मी म्हटलं.

चार दिवसांचा पास काढून मास्तर वैरागला गेले. तिथं काय झालं ते मला पुढं गुंताबाईकडून कळलं. दौलत यायला तयार नव्हता. त्यानं माळ पहिल्यांदाच पाहिला होता, ससा धरायला शिकला होता, त्याला एक मुलगीही पसंत पडली होती. तो म्हणाला, "तुजा सायेब खोटं बोलंल." मास्तर म्हणाले, "सायबानं हात ठिवलाय. बाईनं बगितलंय." शपथ आणि साक्षीदार. पारध्याच्या पोरापुढं मग बोलायला काही उरत नाही. तो उठला आणि बापाच्या मागं चालू लागला.

पाचव्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळेला दोघे फाटकाशी आले. मास्तरांनी दौलतला नवा फेटा बांधला होता. फाटकात हवालदार आणि दोन शिपाई उभे होते. साहेबांनी आदल्या दिवशीच ठाण्याला कळवलं होतं. फरारी माणूस येणार असेल तर कळवायचा नियम होता, आणि साहेब नियमाचे पक्के. दौलतला दोरी लावली तेव्हा मास्तर हवालदाराला समजावत होते, "न्हाय, न्हाय, हवालदार, तुमास्नी ठावं न्हाय. सायबाला इचारा. हात ठिवलाय." साहेब बाहेर आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, मी मॅजिस्ट्रेटला दयेसाठी पत्र लिहीन. आणि लिहिलंही. मीच ते टपालात टाकलं. म्हणून तर दोन वर्षांऐवजी एकच वर्ष झालं.

शाळेला आलेली मीही फाटकातच उभी होते. मास्तर मग माझ्याकडं वळले. "बाई, सांगा की. तुमी सांगा की ह्यास्नी."

मी पदर चाचपत उभी राहिले. काय सांगणार होते? मान खाली घातली. दौलतनं माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं, आणि त्यांच्या बोलीत एक वाक्य बोलला. मला ते कळलं नाही. गुंताबाईनं अर्थ सांगितला तो असा, "लई ग्वाड हाक मारलीस, आबा."

साहेबांना मास्तरांसाठी मनापासून वाईट वाटत होतं. त्या आठवड्यात त्यांनी आपला एक गरम कोट उसवून मास्तरांच्या मापाचा करून दिला. पगारही वाढवला. मास्तर कोट घालून शाळेत येत, दाराशी डोळे मिटून हजेरी घेत, पण बुधवारी तारेशी जाणं थांबलं. मी एकदा जवळ जाऊन म्हटलं, "मास्तर, माझं चुकलं." ते माझ्या खांद्यावरून लिंबाकडं बघत म्हणाले, "तुमी बगितलं ते खरंच हुतं की. हात हुता तितं." त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आनंदानं घेतल्या असत्या.

पुढं महिन्याभरात मुंबईहून आणि विलायतेहून पाहुणे आले. वसाहत बघायला असे पाहुणे वर्षातून एकदा यायचे आणि त्यांच्यापुढं शमुवेलचा पाखरांचा पाठ व्हायचाच. देवळात सतरंज्या घातल्या, पुढं खुर्च्या मांडल्या. साहेबांनी मास्तरांना उभं केलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले, वाक्यावाक्याचं इंग्रजी करायला.

मास्तरांनी तित्तराचा पाठ घेतला.

"तित्तर धरायचा तर आदी एक तित्तर पाळावा लागतो," त्यांनी सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच हळू. "पिल्लू असताना आनायचं. हातानं वाळवी चारायची. पोरापरमानं वाढवायचं. त्याला नाव बी ठिवत्यात. मंग त्यो बोलाया लागला की पिंजऱ्यात घालून फाटंचं माळाला न्यायचा. पिंजरा मदी ठिवायचा आन भवताली फासं लावायचं. उजाडलं की त्यो बोलतो. लई ग्वाड बोलतो. त्येचा आवाज ऐकून माळावरचं तित्तर येत्यात आन पाय अडकतो."

देवळात सगळी वसाहत बसली होती. एक पोर रडत होतं, त्याच्या आईनं त्याला पदराखाली घेतलं.

"लोकं म्हनत्यात, ह्यो पाळल्याला तित्तर दगलबाज. तसं न्हाय. त्येला फासं ठावंच न्हाईत. त्येला वाटतं, सकाळ झाली, धनी चांगला हाय, वाळवी मिळती, बोलावं. त्यो खरंच बोलत असतो. खरं बोलतो म्हनून तर बाकीचं येत्यात. खोटं बोलला असता तर कोन आलं असतं?"

मास्तर थांबले. साहेबांचंही इंग्रजी थांबलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना कळलं होतं. पण पाहुणे वाट बघत होते. साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "मग या पाखरापासून आपण काय शिकावे, शमुवेल?"

"शिकायचं काय न्हाय, सायेब. त्या तित्तराचं पुढं काय करत्यात तेवढं सांगतो. त्येला मारत न्हाईत. त्येला वाळवी घालत्यात. त्या दिशी जरा जास्तीची." आणि त्यांनी कोटाच्या बाह्या नीट खाली ओढल्या.

मला इंग्रजी येत होतं, हे माझं दुर्दैव. साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं की हा पाळीव तित्तर म्हणजे विश्वासू सेवक. धन्यानं प्रेमानं वाढवलेला, तो आपल्या भटक्या बांधवांना गोड हाक घालून धन्याकडं आणतो आणि त्याचं त्याला प्रतिफळ मिळतं. पाहुण्यांतल्या एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला. मग सगळ्यांनी उभं राहून गीत म्हटलं. मीही म्हटलं. पेटी मीच वाजवत होते.

गीत संपलं तेव्हा मास्तर जागेवर नव्हते. बाकावर कोट घडी घालून ठेवलेला होता. ते पुन्हा शाळेत आले नाहीत. गिरणीत राखेच्या पाट्या उचलायचं काम त्यांनी मागून घेतलं.

वर्ष संपलं. दौलत सुटायच्या दिवशी मास्तर आणि गुंताबाई पास काढून तुरुंगाच्या दाराशी सकाळपासून उभे होते. दौलत बाहेर आला, आईच्या पाया पडला आणि बापाच्या बाजूनं, जसं काही तिथं झाड आहे, तसा निघून गेला. साहेबांनी बरीच खटपट करून त्याला तारेबाहेर राहायची परवानगी काढून दिली होती, मोहोळजवळ एका बागाईतदाराच्या शेतावर. काम ज्वारीवरची पाखरं हाकायचं. दिवसभर माळ्यावर, म्हणजे पिकातल्या मचाणावर, उभं राहून गोफण फिरवायची. साहेबांनी मला समाधानानं सांगितलं, "मी माझा शब्द पाळला." वैरागची ती मुलगी दौलतनं केली. गुंताबाई अधूनमधून जाऊन यायची आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायची. मास्तर ऐकायचे, काही विचारायचे नाहीत.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते मंगळवारच्या बाजारात. पस्तीस-छत्तीस साल असावं. साहेब तेव्हा मायदेशी परतले होते, पासाचे नियम जरा ढिले झाले होते, मी शहरातल्या शाळेत बदलून गेले होते. मेथीची जुडी हातात घेऊन वळले, तर कडेला पोत्यावर मास्तर बसलेले. मान आणखी लांब झालेली, दाढी पांढरी. पुढ्यात जाळी लावलेली पाटी, आणि पाटीत पंधरा-वीस लावे एकमेकांना चिकटून.

"मास्तर, हे काय?" माझ्या तोंडून निघून गेलं. "पुन्हा हेच?"

"धंदा हाय बाई. पोटासाटी पाखरू धरावं, त्यात गुना न्हाय." एका लाव्याची पिसं त्यांनी बोटानं सारखी केली. "त्येच्यावर धडा देऊ ने."

मी प्रार्थनेबद्दल विचारलं. मिशनची सवय, दुसरं काय. ते म्हणाले, "करतो की. तोंड मिटून करतो." मग गुंताबाईची चौकशी केली, तर ती दोन वर्षांपूर्वीच गेली होती. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं मी काही केलंही नव्हतं.

"आणि दौलत?"

"तितंच हाय. मोहोळाला. पोरगा झालाय म्हनत्यात. आता चालत असंल."

"नाव काय ठेवलं?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. तिथं झाड नव्हतं, नुसती बैलगाड्यांची रांग. "कोन सांगनार? गुंता हुती तवर खबर यायाची."

"तुम्ही का जात नाही, मास्तर? आता तर पासाचं एवढं नाही."

"गेलतो. दोनदा. मला बगितलं की त्यो माळ्यावरनं उतरतो आन चालाया लागतो, पार दिसंनासा हुईस्तवर. तिकडं पाखरं ज्वारी खात्यात आन मालक त्येला बोलतो. म्हून जात न्हाय." एक गिऱ्हाईक येऊन लावे चाचपू लागलं. त्याला दोन लावे काढून देत, माझ्याकडं न बघताच ते म्हणाले, "बाई, तुमी कदी मोहोळाला जाता का? गेला तर पोराचं नाव तेवडं इचारून या. दुसरं काय बोलू नगा. म्या इचारलं असं बी नगा सांगू."

"जाईन," मी म्हटलं. "सवड झाली की नक्की जाईन."

त्यांनी मान हलवली. माझ्या बोलण्यावर त्यांचा अजून विश्वास होता, हे मला त्या मानेवरून दिसलं.

मोहोळ आगगाडीनं तासाभराच्या आत. मी त्यानंतर अकरा वर्षं सोलापुरात होते. नाताळच्या सुट्ट्या होत्या, मे महिन्याच्या होत्या. एकदा तर तिकीट काढून फलाटावर बसलेही. पण दौलतनं मला ओळखलं असतं. गाडी आली, गेली, आणि मी घरी आले.

मंगळवारची भाजी आणायला मी मग शेजारणीला सांगू लागले.